शेवटचे पंधरा फेरे

मोंतेर्रेई
सोमवार, ८ जून १९९८

प्रिय कासिल्दा आत्या,

तुझं पत्र आणि सुक्या कोळंबीची पुडी, दोन्ही पोचलं. मी ठीक आहे. कारखान्यात मला आता विजेच्या मोटारी तपासायच्या विभागात घेतलं आहे. मोटार मिनिटाला किती फेरे घेते ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. काम मला आवडतं.

एक गोष्ट कळवायची आहे. खात्री करायला तीन रविवार गेले, म्हणून आधी लिहिलं नाही.

नदीपलीकडच्या टेकडीवर दर रविवारी दुपारी चार ते सात नाच असतो. एराक्लिओ नावाचा म्हातारा चौकात स्पीकर लावून तबकड्या वाजवतो. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. इथे कुंबियाची नाचगाणी संथ करून ऐकतात. पूर्वी कुणाच्या तरी यंत्राची मोटार तापून मंदावली आणि लोकांना ती चाल आवडली, असं सांगतात. आता मुद्दाम मंद करतात. पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी उस्ताद अडतीस फेऱ्यांवर फिरवतो. मी मोजले आहेत.

त्याच्याकडे एक गाणं आहे. सुरुवातीला आपल्याकडच्या हाराना गिटारीची तार, मग मागून तुतारी आणि ढोल. बाईचा आवाज आहे, पण मंद केल्यामुळे पुरुषासारखा जाड. दुसऱ्या कडव्यात ती एक शब्द मधेच तोडते आणि श्वास घेते. मासळी साफ करताना तू असाच श्वास घ्यायचीस. मी तो अठरा वर्षं ऐकला आहे. तुझी तबकडी मी कधी ऐकलेली नाही, तरी चूक होण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

काल चौकात दोनशे बारा माणसं होती. त्यांतली चाळीसएक बसलेली होती. हे गाणं लागल्यावर तीही उठली.

तुझी,
नोएमी

·

आल्वारादो
२० जून १९९८

अगं नोएमी,

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग शेजारच्या फिदेन्सियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या भाचीला ऊन लागलंय. मी तिला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. आल्वारादोच्या बायकांचं तोंड तुला माहीत आहे, आणि टपाल सरकारी आहे.

ती मीच. एकोणसत्तर सालची तबकडी. राजधानीत जाऊन एका सकाळीत गायले. पाचशे काढल्या आणि पुढच्या वर्षी कंपनीच बुडाली. मधेच श्वास घेतला म्हणून बँडवाला माझ्यावर ओरडला होता. म्हणाला, मासळीबाजारातून आलीस ती थेट आलीस, दम खायलाही थांबली नाहीस. माझ्या वाट्याला एकच तबकडी आली, ती तुझ्या बापाने होडीच्या टपावर उन्हात ठेवली. ती वाकून तिचं भांडं झालं. अजून त्यात मी मिरच्या ठेवते.

पण मंद का करतात गं मेले? मी केवढी झपाट्याने गायचे. बंदराच्या नाचात माझ्या पायांना नाचायची फळी पुरायची नाही. आणि ते म्हशीसारखं चालवतात मला?

असो. दोनशे बारा. आकडा चांगला आहे. त्यानंतर बारशांत, लग्नांत आणि हॉटेलात जेवणाऱ्यांच्या टेबलापुढे गायले. तिथे एकोणतीस वर्षांत एक हात चमचा सोडून थांबला नाही.

आता नीट उत्तर दे. शेवटचं कडवं वाजतं का? आपल्याकडे निरोप न घेता फळीवरून उतरत नाहीत, म्हणून मी हट्टाने ते घातलं होतं. बँडवाला नको म्हणत होता. तुला पाठ आहे, तरी लिहिते:

निघते मंडळी, भरती आली दारा,
होडी ओढतो उत्तरेचा वारा;
कोण गेली गाऊन, पुसेल जर कोणी,
कासिल्दा उस्कांगा, आल्वारादोची राणी.

राणी यमकासाठी. बाकी सगळं खरं. हे कडवं वाजत असेल, तर टेकडीवरच्या माणसांना माझं नाव ठाऊक असायला हवं. ठाऊक आहे का?

तुझी आत्या

·

मोंतेर्रेई
६ जुलै १९९८

प्रिय आत्या,

नाही. ठाऊक नाही.

मी शनिवारी उस्तादकडे गेले होते. सत्तरीचा आहे, डाव्या कानाने कमी ऐकतो. त्याने अंड्याबरोबर सुकं मांस परतून वाढलं. तबकडी दाखवायला सुरुवातीला तयार नव्हता. त्याच्या यंत्राच्या मोटारीचा आवाज मला बरोबर वाटला नाही, तसं मी बोलले. मग त्याने झाकण उघडू दिलं, आणि नंतर तबकडीही दाखवली.

मधला कागद खिळ्याने खरवडलेला आहे. इथे तबकड्या वाजवणारे सगळे असंच करतात. दुसऱ्या वाजवणाऱ्याला गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव कळलं की तो तीच तबकडी शोधून आणतो, आणि मग आपल्या चौकातली माणसं त्याच्या चौकात जातात. म्हणून नाव खरवडायचं आणि गाण्याला आपलं नवं नाव द्यायचं. तुझ्या गाण्याचं इथलं नाव ‘कोलंबियावाली’ आहे. चांगली कुंबिया कोलंबियाहूनच येते असं टेकडीवर सगळे मानतात. उस्तादला विचारलं, बाई कुठली ते तुम्हाला माहीत होतं का? तो म्हणाला, “आल्वारादोची म्हटलं असतं तर कोण नाचलं असतं, पोरी?”

कडव्याबद्दल. ते सुरू झालं की उस्ताद माइक घेतो आणि चिठ्ठ्या वाचतो. लोक चिठ्ठ्यांवर नावं लिहून आणतात. कुणी सीमेपलीकडे कामाला गेलेला असतो, कुणी वारलेला. तो प्रत्येकाला नमस्कार सांगतो. तुझं नाव त्या आवाजाखाली जातं.

मी त्याला विचारलं, एका रविवारी कडव्याचे ते चोवीस सेकंद गप्प राहाल का? त्याने तबकडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, बघ. मी भिंगातून पाहिलं. एकोणऐंशी साली दुसऱ्या चौकातला एक जण टेपरेकॉर्डर घेऊन गर्दीत उभा राहिला होता; कडव्यातलं नाव त्याला मिळू नये म्हणून उस्तादने शेवटचे पंधरा फेरे खिळ्याने आडवे कापून ठेवले. सुई तिथे नुसती खडखडते. ती खडखड झाकायलाच तो बोलायला लागला. चिठ्ठ्या नंतर आल्या.

तेव्हा या तबकडीवर तुझं नाव कुठेच नाही. कागदावर नाही आणि आवाजातही नाही. दुसरी तबकडी मिळते का ते मी शहरातल्या चार दुकानांत विचारलं. मिळाली नाही.

नोएमी

·

आल्वारादो
१९ जुलै १९९८

नोएमी,

तुझ्यासारखं पत्र डॉक्टरसुद्धा लिहीत नाहीत. ते निदान खाली ‘काळजी घ्या’ तरी लिहितात.

चार दिवस मी दार लावून बसले. फिदेन्सिया सूप घेऊन आली आणि दाराशी ठेवून गेली. पाचव्या दिवशी तिला विचारलं, तुझ्या जावयाची गिटार आहे का घरी? त्याला बसवलं आणि म्हटलं, माझ्या जुन्या पट्टीत धर. माझा आवाज तिथे पोचेना. खाली उतर म्हटलं. अजून खाली. शेवटी एका जागी आवाज बसला. जावई म्हणाला, आत्याबाई, हे तुमच्या पट्टीपेक्षा गिटारीवर तीन घरं खाली आहे.

तुझ्या त्या म्हाताऱ्याने मला किती खाली नेलंय? तू मोजलं असशीलच.

आयुष्यभर मी एकच वस्तू मागते आहे. घर नाही, नवरा नाही. नवरा एक मिळाला होता, तो परत केला. गाणं संपल्यावर कुणीतरी म्हणावं, ही कासिल्दा उस्कांगा. तिकडे दोनशे बारा माणसं नाचतात आणि त्यांना ठाऊक नाही. माझ्या हयातीत त्यांना कळलं पाहिजे. काहीतरी कर. तुला यंत्रं कळतात.

आत्या

·

मोंतेर्रेई
३ ऑगस्ट १९९८

प्रिय आत्या,

पंचेचाळीसवरून अडतीस म्हणजे जवळजवळ तीन घरं. तेवढंच.

त्यामुळे एक उपाय शक्य आहे. तू ते कडवं आत्ताच्या आवाजात, त्याच पट्टीत, कॅसेटवर गाऊन पाठव. उस्तादच्या तबकडीवरचं गाणं मी टेपवर घेईन, तिसऱ्या कडव्यानंतर कापीन आणि तुझं कडवं जोडीन. आवाज एकाच बाईचा आहे आणि आता एकाच उंचीवर आहे. सांधा ऐकू येऊ नये.

मी उस्तादच्या मोटारीची गुंडाळी बदलून दिली. तो तयार झाला आहे. रविवार, १३ सप्टेंबर. त्या दिवशी तो कडव्यावर बोलणार नाही. एकदाच, असं म्हणाला.

सूचना: पंखा बंद कर. खिडकीतून गोदीचा आवाज येतो, ती लाव. माइक तोंडापासून एक वीत लांब. जावयाच्या गिटारीची लय मिनिटाला बाहत्तर ठोक्यांची हवी. सोबतच्या कॅसेटवर ठोके भरून पाठवले आहेत. त्याने ते कानाला लावून वाजवावं. एका दमात गा. मधे थांबू नकोस. तुकडे जोडलेले कळतात.

नोएमी

·

आल्वारादो
२५ ऑगस्ट १९९८

नोएमी बये,

ही घे कॅसेट. पंखा बंद, खिडकी बंद, मी आणि जावई आत उकडून निघालो. तुझे ते टक टक ऐकून तो म्हणाला, तुमच्या भाचीशी लग्न करणाऱ्याला रात्री झोप कशी लागेल?

एका दमात गायले. पोचायला उशीर होईल, कारण मधे दातांच्या डॉक्टरकडे बंदराच्या शहरात दोनदा जावं लागलं. दात काढायचेत दोन-तीन. विशेष काही नाही.

कडवं वाजेल तेव्हा तू गर्दीत उभी राहा. उस्तादजवळ नको, माणसांत. त्यांचे चेहरे बघ. मग सगळं जसंच्या तसं लिही. तुझ्या त्या पद्धतीने लिही, मला चालेल.

आत्या

·

मोंतेर्रेई
४ सप्टेंबर १९९८

आत्या,

कॅसेट मिळाली. चार ओळींत बटण एकवीस वेळा दाबलेलं आहे. प्रत्येक वेळी बारीक टिक येते. ‘होडी ओढतो’ हे दोन शब्द तीन तुकड्यांत, तीन वेगळ्या दिवशी भरलेले आहेत, कारण मागे एकदा पाऊस आहे, एकदा कोंबडा आहे आणि एकदा काहीच नाही. स्वराबरोबर हवा गळते. दातांमुळे असं होत नाही.

मी सगळ्या टिका काढल्या. सांधा बसला आहे. पण तुला काय झालंय ते मला कळलं पाहिजे.

नोएमी

·

आल्वारादो
१० सप्टेंबर १९९८

नोएमी,

तुला आणि फिदेन्सियाला काही लपवता येत नाही. फरक एवढाच की ती आरडाओरडा करते.

गळ्यात गाठ आहे. एकवीस तारखेला बंदराच्या इस्पितळात काढणार. गाठीबरोबर आवाजाची पेटीही जाणार. मानेला भोक ठेवतील, त्यातून श्वास घ्यायचा. डॉक्टर पोरगेलासा आहे. मी त्याला म्हटलं, मी गाते. तो म्हणाला, गात होतात, मावशी. शिष्ट मेला. पण खोटं बोलला नाही.

ते कडवं भरायला नऊ दिवस लागले. सकाळी आठच्या आत थोडा आवाज असतो, मग जातो. आता तर सकाळीही नसतो. म्हणजे तुझ्या हातात जी फीत आहे, तेवढीच मी उरले आहे. जपून वाजव.

तू येऊ नकोस. तू रविवारी तिथेच हवीस.

आत्या

·

मोंतेर्रेई
सोमवार, १४ सप्टेंबर १९९८

प्रिय आत्या,

काल सगळं ठरल्याप्रमाणे झालं. हवा कोरडी होती. तुझं गाणं लागलं आणि शेवटचं कडवं स्वच्छ ऐकू आलं. उस्ताद गप्प राहिला. लोक नाचायचे थांबले आणि ऐकत राहिले. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ही कोण? उस्तादने माइकवर सांगितलं, कासिल्दा उस्कांगा, आल्वारादोची. टाळ्या पडल्या. पुष्कळ माणसं आली होती.

एकवीस तारखेला मी तुझी आठवण काढीन. फिदेन्सियाला सांग, जंतुनाशकाने हात धुतल्याशिवाय त्या नळीला कुणी हात लावायचा नाही.

तुझी,
नोएमी

·

आल्वारादो
२८ सप्टेंबर १९९८

नोएमी,

जिवंत आहे. फिदेन्सियाने पाटी आणि खडू आणून दिलाय. शिव्या लिहून दाखवायला फार वेळ लागतो, तोवर राग जातो. आल्वारादोत मी आता सर्वात सभ्य बाई.

तुझं पत्र इस्पितळात मिळालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला वाचून दाखवलं. वाचताना ती रडली. मी रडले नाही. घरी आल्यावर स्वतः वाचलं.

पहिल्या पत्रात तू माणसं मोजली होतीस. दोनशे बारा. माझ्या कॅसेटवरच्या टिका मोजल्यास. ठोके मोजलेस, दुकानं मोजलीस. या पत्रात ‘पुष्कळ माणसं’ आहेत. ‘बऱ्याच जणांनी’ विचारलं आहे.

तुझ्या आईचा बाळंतपणात जीव गेला तेव्हापासून मी तुला वाढवलं. लहानपणी सुद्धा तू ‘पुष्कळ’ म्हणायची नाहीस. सात म्हणायचीस, नऊ म्हणायचीस.

आता लिही.

आत्या

·

मोंतेर्रेई
९ ऑक्टोबर १९९८

आत्या,

लिहिते.

त्या रविवारी एकशे शहाऐंशी माणसं होती. तुझं गाणं सव्वापाचला लागलं. मी तू सांगितल्याप्रमाणे माणसांत उभी होते. माझ्या उजवीकडे एदुविखेस नावाची बाई होती. तिची मुलगी सहा वर्षांपूर्वी वारली. ती दर रविवारी मुलीच्या नावाची चिठ्ठी देते.

तिसरं कडवं संपलं आणि तुझं सुरू झालं. सांधा ऐकू आला नाही. ते काम बरोबर झालं होतं. उस्ताद गप्प राहिला. पहिल्या ओळीपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या ओळीला लोक त्याच्याकडे बघायला लागले. माइक बिघडला असं त्यांना वाटलं. कुणीतरी शिट्टी मारली, मग अनेकांनी मारल्या. माझ्या मोजणीने तीसएक. एदुविखेस मोठ्याने म्हणाली, “माझ्या पोरीचं नाव का घेत नाही? काय केलं तिने?”

मी याचा विचार केला नव्हता. त्यांच्यासाठी तिथे तुझं कडवं कधी नव्हतंच. एकोणीस वर्षं तिथे त्यांची माणसं आहेत.

उस्तादने माइक उचलला आणि चिठ्ठ्या वाचायला लागला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझी तिसरी ओळ गेली. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला, दोन चिठ्ठ्यांच्या मधे, तो दम घ्यायला थांबला. तेवढ्यात तुझं नाव ऐकू आलं. दोन्ही शब्द, पूर्ण. गाव आणि राणी त्याच्या आवाजाखाली गेलं.

एदुविखेसने क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे वळली. तुझा फोटो मी बरोबर नेला होता, तो तिने माझ्या हातात पाहिला. तिने विचारलं, “कासिल्दा तुमची का? कधी वारली?” चिठ्ठीतलंच नाव आहे असं तिला वाटलं. आणखी एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. कोलंबियावाली बोट बुडून मेली, असं उस्तादने टेकडीवर वीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, मेलेल्या बाईच्या गाण्यावर माणसं जास्त प्रेमाने नाचतात. तू जिवंत आहेस हे कुणाला सांगायचं नाही, या अटीवरच त्याने मला तो रविवार दिला होता. मी ती अट मान्य केली होती.

मी एदुविखेसला म्हणाले, आत्या आहे. ती म्हणाली, देव तिला शांती देवो. मी दुरुस्त केलं नाही.

पुढच्या रविवारी उस्तादने पुन्हा जुनी तबकडी लावली. मी आग्रह केला नाही. शेवटचे पंधरा फेरे आले, त्याने माइक घेतला आणि चिठ्ठ्या वाचल्या. एदुविखेसच्या चिठ्ठीत आता दोन नावं असतात. आधी तिच्या मुलीचं, मग तुझं. ४ तारखेलाही होतं. ती मला म्हणाली, तुम्ही बाहेरगावच्या, तुम्हाला दर वेळी जमायचं नाही, म्हणून मीच घातलं.

तर तुझं नाव आता दर रविवारी तुझ्याच गाण्यावर घेतलं जातं, मेलेल्यांमधे, आणि ते गाणाऱ्या बाईचं आहे हे कुणालाही ठाऊक नाही. उस्ताद ते बरोबर उच्चारतो. ४ तारखेला चौकात एकशे चौऱ्याण्णव माणसं होती. मी दोनदा मोजली.

नोएमी